बंध तुटून ऊर्जा सुटत नाही

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज धक्क्याला लागलेले होते. त्याच्या पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता, कराचीला चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या होत्या, शिवाय लाकूड, वंगणतेलाची पिंपे, गंधक, राळ, भंगार असे बरेच काही. दुपारी आग लागल्याचे लक्षात आले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकाने त्यांची नोंद केली. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. गिरगाव, लालबाग, परळ, दादर हा सगळा भाग त्या वर्तुळाच्या आत येतो. या घटनेच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे, जहाजावरच्या सोन्याच्या विटांवर तर जरा जास्तच. मला मात्र त्या मालाच्या यादीत रसायनशास्त्राचा एक प्रश्न दिसतो. कापूस आणि दारूगोळा या दोहोंपैकी जास्त ऊर्जा कशात होती?

बहुतेक जण फार विचार न करता दारूगोळा म्हणतील. उत्तर कापूस असे आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. एक गासडी साधारण पावणेदोनशे किलोची धरली तर ८,७०० गासड्यांचा दीड हजार टन कापूस होतो. कापूस हे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि एक किलो सेल्युलोज पुरते जळले की सुमारे १७ मेगाजूल उष्णता मिळते. एक किलो टीएनटीच्या स्फोटातून मिळते सुमारे ४.२ मेगाजूल. दारूगोळ्याच्या वजनात गोळ्यांची लोखंडी कवचेही आली; पण ती विसरून सगळे वजन टीएनटीचेच मानले, तरी कापसाच्या नावावर चौपटीहून अधिक ऊर्जा निघते.

मग गोदी उद्ध्वस्त केली ती दारूगोळ्याने, कापसाने नव्हे, हे कसे? याचा उलगडा करायचा तर आधी एक चुकीचे वाक्य निकालात काढावे लागते. ‘रेणूंच्या बंधांमध्ये ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते,’ हे ते वाक्य. शाळेच्या वहीत, क्लासच्या नोट्समध्ये, जीवशास्त्राच्या पुस्तकांत ते इतक्या वेळा येते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. ते अपुरे किंवा ढोबळ असते तर चालवून घेतले असते; पण ते सरळसरळ उलटे आहे.

दोन हायड्रोजन अणू एकमेकांपासून लांब आहेत अशी कल्पना करू. दोघांचा एकमेकांवर काहीही परिणाम नाही. या स्थितीची ऊर्जा शून्य मानू. ते जवळ येऊ लागले की एकाचे केंद्रक दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनला खेचू लागते. दोन्ही इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रकांचे आकर्षण मिळते आणि जोडीची एकूण ऊर्जा कमी होत जाते. केंद्रकांमधले अंतर ७४ पिकोमीटर झाले की ती सर्वांत कमी असते. त्याहून जवळ ढकलले तर केंद्रके एकमेकांना दूर लोटतात आणि ऊर्जा पुन्हा चढते. ही जी सर्वांत खालची जागा, तिलाच आपण बंध म्हणतो. म्हणजे बंध हे कोठार नाही, तो खड्डा आहे. अणू त्यात पडतात तेव्हा ऊर्जा बाहेर टाकतात, आणि त्यांना बाहेर काढायचे तर तेवढीच ऊर्जा आपल्याला घालावी लागते. हायड्रोजनच्या बाबतीत हा खड्डा मोलामागे ४३६ किलोजूल खोल आहे. पुस्तकांतल्या बंधऊर्जेच्या तक्त्यात जो आकडा दिसतो तो हाच. तो साठा नव्हे. तो बंध तोडण्याची किंमत आहे. खड्डा जितका खोल तितका बंध बळकट, आणि बळकट बंधाकडून ऊर्जा मिळण्याची आशा तितकी कमी.

हे तर्काने पटत नसेल तर प्रयोगाने पटावे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२० च्या दशकात टंगस्टनच्या दोन कांड्यांमधल्या विजेच्या ज्योतीतून हायड्रोजन वायू सोडला. ज्योतीने त्याचे रेणू फोडले आणि सुटे अणू झोताबरोबर पुढे गेले. ते धातूच्या पृष्ठभागावर पोचून पुन्हा जोडीने बांधले गेले, तेव्हा इतकी उष्णता सुटली की ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळणारा टंगस्टनही तिने वितळवता आला. या उष्णतेत ज्वलनाचा वाटा नाही. एकच बंध जुळतो आहे आणि त्या जुळण्याची धग आपण मोजतो आहोत. यावरून एक वेल्डिंगची पद्धत निघाली आणि ती कारखान्यांत काही काळ वापरातही होती. ‘बंध तुटून ऊर्जा’ म्हणणाऱ्याने या यंत्रात उष्णता कुठून आली ते सांगावे.

आता इंधनाकडे वळू. मुंबईत स्वयंपाकघरात नळाने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. मिथेनच्या रेणूत एका कार्बनभोवती चार हायड्रोजन असतात, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे चार बंध. असा एक रेणू जाळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. हिशेब मोलामागे किलोजूलमध्ये मांडू. कार्बन-हायड्रोजनचा एक बंध तोडायला सरासरी ४१३, म्हणजे चारांना १,६५२. ऑक्सिजनचा दुहेरी बंध तोडायला ४९८, म्हणजे दोन रेणूंना ९९६. एकूण खर्च २,६४८. आता जमेची बाजू. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध जुळतात, प्रत्येकी ७९९, म्हणजे १,५९८. पाण्याच्या दोन रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी ४६३, म्हणजे १,८५२. एकूण जमा ३,४५०. शिल्लक ८०२. उष्णतामापकात मिथेन जाळून, पाणी वाफेच्या रूपात धरून मोजलेला आकडाही ८०२ च आहे. सरासरी आकडे वापरून इतका तंतोतंत मेळ नेहमी बसत नाही, इथे बसला.

या हिशेबात कुठेही तोडण्याच्या बाजूला जमा नाही. मिथेनचे बंध तोडणे हा खर्चच आहे, आणि तो चांगला भारी आहे. कार्बन-हायड्रोजनचे बंध बळकट असतात, कार्बन-कार्बनचे ३४७ च्या आसपास असतात, म्हणजे तेही काही ठिसूळ नाहीत. इंधनाच्या रेणूंत ‘ऊर्जेने भरलेले’ बंध शोधायला गेले तर हाती काहीच लागत नाही. मग शिल्लक पडते ती कोणामुळे?

ऑक्सिजनमुळे. त्याचा दुहेरी बंध ४९८ चा, आणि पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एकेरी बंध ४६३ चा. नाव दुहेरी, पण बळ जवळपास एकेरी इतकेच. हवेतल्या ऑक्सिजनचे अणू उथळ खड्ड्यात बसलेले आहेत. त्यांना कार्बनशी किंवा हायड्रोजनशी जोडले की ते फार खोल खड्ड्यात उतरतात, आणि त्या उतरण्यातून ऊर्जा येते. आपण गॅसचे बिल भरतो आणि ऑक्सिजन फुकट मिळतो, म्हणून सगळे श्रेय गॅसला देण्याची आपल्याला सवय लागली आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावर मिथेनची तळी आहेत. पण तिथल्या हवेत ऑक्सिजन नाही, त्यामुळे त्या तळ्यांतला थेंबही पेटणार नाही. तिथे कोणी वस्ती केलीच तर सिलिंडर ऑक्सिजनचा विकत घ्यावा लागेल.

ही गोष्ट नवी नाही. डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी १९१७ साली दाखवले होते की सेंद्रिय पदार्थ कोणताही असो, ज्वलनात खर्ची पडणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाने पाहिले तर उष्णता जवळजवळ सारखीच मिळते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या क्लाउस श्मिट-रोर यांनी त्याचे कारण बंधांच्या भाषेत नीट मांडले: ऑक्सिजनच्या एका मोलामागे सुमारे ४१८ किलोजूल. आगीचा अभ्यास करणारे अभियंते याच गोष्टीचा रोज वापर करतात. एक किलो ऑक्सिजन खर्च झाला की सुमारे १३.१ मेगाजूल उष्णता सुटली असे ते धरतात. जळणाऱ्या वस्तूच्या धुरातला ऑक्सिजन मोजायचा, आणि त्यावरून आग किती जबर आहे ते सांगायचे. सोफा जळो, लाकूड जळो की प्लॅस्टिक जळो, आकडा फारसा हलत नाही. आगीचा अभ्यास करणाऱ्यांना जे कळले ते आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचायला अजून वेळ लागेलसे दिसते.

लालबागला गॅस कंपनी होती, हे तिथल्या गल्लीच्या नावावरून आजही कळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले त्यांचा वायू खाणीतून आलेला नव्हता. तो दगडी कोळशापासून केलेला होता. बंद भट्टीत, हवा लागू न देता कोळसा तापवायचा. त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा हायड्रोजन असतो, एक तृतीयांशाच्या आसपास मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड. मागे कोक उरतो आणि डांबर मिळते. इथे लक्ष द्यायची गोष्ट अशी की कोळशाचे मोठाले रेणू फोडून लहान करण्यासाठी भट्टीखाली सतत आग ठेवावी लागते. बंध तुटून ऊर्जा मिळत असती तर कोळसा एकदा तापवल्यावर भट्टी आपली आपण चालली असती, उलट तीच गॅस कंपनीला उष्णता देत बसली असती. तापलेल्या कोकवरून वाफ सोडून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन करण्याची जी पद्धत जगभर वापरली गेली, तिच्यातही मोलामागे १३१ किलोजूल घालावे लागतात. वाफ सोडली की कोक थंड पडतो. मग पुन्हा हवा फुंकून तो लाल करायचा. इंधन बनवण्याच्या कामाचा बराचसा भाग हा असा असतो: ऊर्जा घालायची आणि अणूंना उथळ खड्ड्यांत आणून ठेवायचे.

कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. त्यातला कार्बन-ऑक्सिजनचा तिहेरी बंध १,०७२ किलोजूलचा आहे. साध्या रेणूंमध्ये याहून बळकट बंध आढळत नाही. ‘ऊर्जा बंधात साठते’ असे मानणाऱ्याला हा पदार्थ इंधनांचा राजा वाटायला हवा. ‘बळकट बंधाचे रेणू स्वस्थ बसतात’ एवढेच शिकलेल्याला तो मुळीच जळू नये असे वाटेल. प्रत्यक्षात तो निळ्या ज्योतीने जळतो आणि इंधन म्हणून मध्यम प्रतीचा आहे. हिशेब मांडा. खर्च: १,०७२, अधिक ऑक्सिजनच्या बंधाचे निम्मे म्हणजे २४९. जमा: कार्बन डायऑक्साइडचे १,५९८. शिल्लक २७७. मोजलेला आकडा २८३. थोडा फरक पडला, तो तक्त्यातल्या आकड्यांच्या ढोबळपणामुळे. एका बंधाकडे पाहून इंधनाची प्रत ठरत नाही. सुरुवात आणि शेवट या दोन्हींची बेरीज करावी लागते.

आता कापूस आणि टीएनटी. सेल्युलोजच्या वजनात जवळपास ४९ टक्के ऑक्सिजन असतो. टीएनटीत तो ४२ टक्के असतो. प्रमाण साधारण सारखे, पण शेजारी निराळे. कापसातला ऑक्सिजन कार्बनला आणि हायड्रोजनला घट्ट बांधलेला आहे, म्हणजे तो बराचसा आधीच खोल खड्ड्यात उतरून बसला आहे. त्याच्याकडून फारसे काही मिळायचे उरलेले नाही. म्हणूनच रॉकेल किलोमागे ४३ मेगाजूलच्या आसपास देते आणि कापूस १७ वर थांबतो. त्याचे निम्मे वजन आधीच जळून गेल्यासारखे आहे. टीएनटीतला ऑक्सिजन मात्र नायट्रोजनला चिकटलेला आहे, आणि नायट्रोजन-ऑक्सिजनची ही संगत लंगडी आहे. संधी मिळाली की ऑक्सिजन कार्बनकडे आणि हायड्रोजनकडे धावतो. नायट्रोजनचे अणू आपसांत तिहेरी बंध जुळवतात. तो ९४५ किलोजूलचा, फार खोल. स्फोटाची ऊर्जा येते ती या नव्या जुळण्यांतून: नायट्रोजन, पाणी, कार्बन मोनॉक्साइड. टीएनटीत सात कार्बनांमागे सहाच ऑक्सिजन असल्यामुळे सगळा कार्बन जळायला तो पुरत नाही, म्हणून टीएनटीच्या स्फोटाचा धूर काजळीने काळा असतो.

मग टीएनटीची ऊर्जा किलोमागे इतकी कमी का? एक कारण उघड आहे: त्याला आपला ऑक्सिजन बरोबर वाहून न्यावा लागतो, कापूस तो हवेतून उसना घेतो. ही तुलना टीएनटीवर अन्याय करणारी आहे असे कोणी म्हणेल, तर कापसाच्या वजनात त्याला लागणारा ऑक्सिजनही मिळवू. १६२ ग्रॅम सेल्युलोजला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. दोन्ही मिळून किलोमागे सुमारे ८ मेगाजूल येतात. तरीही कापूस जवळपास दुपटीने पुढे. नायट्रोजनशी लंगड्या संगतीत राहिलेला ऑक्सिजनही सुट्या ऑक्सिजनाइतका मोकळा नसतो, आणि टीएनटीत तो अपुराही पडतो.

तेव्हा स्फोटकाचे वैशिष्ट्य ऊर्जेच्या साठ्यात नाही, वेगात आहे. दाबून बांधलेल्या गासडीत आग पृष्ठभागावरून आत सरकते. हवा जितकी आत शिरेल तितकीच ती जळणार. अशी गासडी कित्येक तास, कधी दिवसेंदिवस आतल्या आत धुमसत राहते. टीएनटीला हवेची वाट पाहावी लागत नाही. ऑक्सिजन आणि कार्बन एकाच रेणूत, हाताच्या अंतरावर आहेत. स्फोटाची लाट त्यातून सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर वेगाने जाते. दहा सेंटिमीटर बाजूचा टीएनटीचा ठोकळा घ्या, वजन १.६ किलो, ऊर्जा पावणेसात मेगाजूलच्या आतबाहेर, म्हणजे जेमतेम चारशे ग्रॅम कापसाइतकी. पण लाट तो ठोकळा सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी पंधरा भागांत पार करते. तेवढ्या क्षणापुरती त्याची शक्ती साडेचार लाख मेगावॅटच्या घरात जाते. भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची एकत्रित क्षमता आज साधारण याच पंगतीत बसते. शिवाय घन पदार्थाचा एकदम वायू होतो, एका किलोपासून सामान्य दाबाला सातशे लिटरांच्या वर. भिंती पाडतो तो हा दाब.

‘फोर्ट स्टिकीन’च्या क्रमांक दोनच्या होल्डमध्ये कापूस आणि स्फोटके एकत्र होती, आणि आग तिथेच होती. कोणत्याही पदार्थाला खोल खड्ड्याकडे जाण्याआधी थोडा चढ चढावा लागतो. जुने बंध निदान सैल तरी व्हावे लागतात. या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. गिरणगावात हवेत पिंजलेल्या कापसाचे तंतू तरंगत असत आणि तरी रोज आग लागत नसे, ती या चढामुळेच. टीएनटीचा चढही बऱ्यापैकी मोठा आहे, म्हणून तो हाताळता येतो. त्या दिवशी तो चढ चढण्यापुरती उष्णता आगीने दोन तासांहून अधिक काळ पुरवली, आणि त्या आगीचे मुख्य जळण कापूस होते.

बंबवाल्यांनी जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले होते. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. त्यातला ऑक्सिजन आधीच खोल खड्ड्यात बसलेला असल्यामुळे तो कापसाच्या आगीला काही देऊ शकत नाही, आणि वाफ होताना पाणी किलोमागे २.२६ मेगाजूल शोषते. या कामात रेणूच्या आतले बंध तुटत नाहीत. रेणूरेणूंमधले हायड्रोजन बंध तुटतात, आणि ते ४६३ च्या तुलनेत विसाच्या आसपास, अगदी किरकोळ असतात. तरीसुद्धा तोडणे हा खर्च, आणि तो आगीकडून वसूल होतो. पण ९०० टन पाणी तापवून त्याची सगळी वाफ केली तरी फार तर २३ लाख मेगाजूल शोषले गेले असते. कापसाची ऊर्जा अडीच कोटी मेगाजूलच्या पुढची होती, आणि धुरामुळे आगीचे मूळही सापडत नव्हते. ते जवान हरणारीच लढाई लढत होते. अनेक जण तिथेच मृत्युमुखी पडले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

कापूस आणि स्फोटक यांत खरे तर फार मोठी दरी नाही. १८४६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून गनकॉटन तयार केले. सेल्युलोजचा सांगाडा तोच, पण त्याला ऑक्सिजन धरून ठेवणारे नायट्रोजनचे गट जोडलेले. नायट्रोजन १३ टक्क्यांच्या आसपास गेला की ते बंदुकीत चालते. ११-१२ टक्क्यांवर थांबवले की त्यापासून पारदर्शक पट्टी करता येते. चित्रपटाची जुनी फिल्म हीच. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तो दादर मेन रोडवरच्या बंगल्यात, आणि ३ मे १९१३ रोजी तो लोकांना दाखवला गेला गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. त्या काळची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटचीच असे. १९५० च्या सुमारास ती बंद झाली. प्रोजेक्टरच्या तापलेल्या दिव्यासमोरून जाणारी ती पट्टी किलोमागे साध्या कापसापेक्षा कमीच ऊर्जा बाळगून होती. पण तिने ऑक्सिजन बरोबर आणलेला, त्यामुळे तिची आग पाण्यात बुडवूनही विझत नाही. वाळू टाकून हवा तोडण्याचा तर काही उपयोगच नाही. शिवाय हे नायट्रोजनचे गट वर्षानुवर्षे आपसूक सुटत राहतात, त्यांतून आम्ल तयार होते, ते आणखी गट सोडवते आणि पदार्थ आतून तापत जातो. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा नायट्रेट फिल्मची हजारो रिळे आगीत गेली, आणि भारतीय सिनेमाचा एक मोठा तुकडा कायमचा गेला.

एक आक्षेप इथे रास्त ठरेल. अ‍ॅसिटिलीनसारखे काही पदार्थ ऑक्सिजनशिवायही, नुसते विघटन होऊन ऊर्जा देतात ना? देतात. मोलामागे २२७ किलोजूल. म्हणूनच गॅस वेल्डिंगच्या सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटिलीन नुसते दाबून भरत नाहीत, सच्छिद्र पदार्थात मुरवलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. पण तिथेही ऊर्जा तुटण्यातून येत नाही. अ‍ॅसिटिलीनमधले कार्बन मोकळे झाल्यावर काजळीत एकमेकांना अनेक बाजूंनी बांधले जातात, हायड्रोजन हायड्रोजनला बांधला जातो, आणि त्या बेरजेने जुन्या बंधांची किंमत भरून वर शिल्लक पडते. ‘ऊर्जासंपन्न रेणू’ म्हणायचेच असेल तर त्याचा अर्थ एवढाच: याचे बंध, पुढे जे होऊ शकतील त्यांच्या मानाने, दुबळे आहेत.

हा सारा घोळ सर्वांत हट्टाने टिकून आहे तो जीवशास्त्रात. पेशींचे चलन मानले जाणारे एटीपी १९२९ साली कार्ल लोमान यांना सापडले, आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमन यांनी त्यातल्या फॉस्फेट बंधासाठी नागमोडी रेघ वापरली आणि तो ‘उच्च ऊर्जेचा बंध’ ठरला. लिपमन यांना काय म्हणायचे होते ते त्यांना स्वतःला ठाऊक होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी रेघ घेतली आणि अर्थ सोडला. एटीपीचे पाण्याने विघटन झाले की मोलामागे साडेतीस किलोजूल मुक्त ऊर्जा मिळते, हे खरे. पण त्यात फॉस्फरस-ऑक्सिजनचा एक बंध तुटतो तसा पाण्याच्या ऑक्सिजनशी नवा जुळतो, दाटीने बसलेले ऋणभार एकमेकांपासून सुटतात, आणि सुटलेल्या तुकड्यांना पाणी अधिक चांगले धरून ठेवते. पाण्याविना नुसता तो बंध ओढून तोडला तर पेशीला उलट ऊर्जा मोजावी लागेल. परळला सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला येणारा विद्यार्थी भौतिक रसायनशास्त्रात बारावीला ‘बंध तोडणे उष्माग्राही’ असे लिहून मार्क मिळवून आलेला असतो आणि जीवशास्त्रात ‘बंध तुटून ऊर्जा मुक्त होते’ असे लिहूनही. दोन्ही पेपरांत त्याला पूर्ण गुण मिळालेले असतात.

शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना म्हणून एकच विनंती आहे. ‘बंधात साठलेली ऊर्जा’ हे शब्द व्याख्येत देऊ नका, आणि उत्तरात आले तर गुण देऊ नका. मिथेनचे खर्च-जमेचे गणित विद्यार्थ्याला एकदा स्वतःच्या हाताने मांडू द्या. त्यासाठी लागणारा बंधऊर्जेचा तक्ता बारावीच्या पुस्तकात असतोच.